पाना-पक्कड मुलींच्याही हातात

रविवारी सकाळी मी मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत मुलांना कोडिंग शिकवतो. सातवीतल्या एका मुलीने मध्यंतरी वहीत चित्र काढून आणलं: पाण्याची टाकी आणि वर घंटा. टाकी भरली की घंटा वाजायला हवी. नळाला पाणी पहाटे येतं आणि टाकी भरेपर्यंत अम्मीला जागं राहावं लागतं, म्हणून.

त्यासाठी लागलं काय? नऊ व्होल्टची बॅटरी, बझर, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि टाकीच्या काठाशी सोडलेल्या दोन तारा. पाणी तारांना टेकलं की त्यातून अगदी थोडा प्रवाह वाहतो. तेवढ्यावर ट्रान्झिस्टर बझर चालू करतो. पहिल्यांदा बझर गप्पच राहिला. ट्रान्झिस्टरचे पाय उलटे जोडले होते, ते तिचं तिनेच शोधून काढलं. मी सॉफ्टवेअरवाला, सोल्डरिंग तिच्याबरोबरच शिकलो.

बझर वाजला, पण पुढच्या रविवारी ती आली नाही. 'मुलीच्या जातीला ही मिस्त्रीकामं कशाला?' असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं. तिचा भाऊ मात्र येतो. त्याला कुणी काही विचारत नाही.

मला अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुली आठवल्या. 2017 साली रोबोटिक्स स्पर्धेसाठी वॉशिंग्टनला निघालेल्या त्यांच्या संघाला अमेरिकेने दोनदा व्हिसा नाकारला. अखेर त्या पोहोचल्या आणि पदक घेऊन परतल्या. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, याच संघाने टोयोटा कोरोला गाडीचे जुने सुटे भाग वापरून कमी खर्चाचा व्हेंटिलेटर तयार केला. 2021 मध्ये तालिबान परतले आणि सहावीनंतर मुलींची शाळा बंद झाली.

तिथे दार सत्तेने लावलं. आपल्याकडे ते घरातूनच लावलं जातं. म्हणजे ते उघडणंही आपल्याच हातात आहे.

केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना 2016 पासून आहे. निवड झालेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. आपल्या संस्थाचालकांनी त्यासाठी अर्ज करावेतच. पण लॅब येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. मोहल्ल्यातला हॉल लग्नसराई सोडली तर रिकामाच असतो. तिथे एक टेबल, हत्यारांचा डबा आणि बिघडलेले पंखे, रेडिओ ठेवू या. शिकवायला वस्तीतलेच इलेक्ट्रिशियन, वेल्डर, गॅरेजवाले आठवड्यातून दोन तास बोलवू या. ज्यांच्या हातात हुन्नर आहे, त्यांना आपण 'उस्ताद' म्हणतो. मग मुलांसमोर उस्ताद म्हणून उभं राहण्याचा मानही त्यांना द्यायला हवा. अट एकच: निम्म्या जागा मुलींच्या.

मी तिच्या घरी जाऊन आलो. अब्बूंनी चहा पाजला, 'बघू' म्हणाले. अजून ती आलेली नाही. टाकीवरचा तिचा बझर मात्र त्याच घरात रोज पहाटे वाजतो आणि तोवर अम्मीला झोप मिळते.