बुधवारची कोळंबी

मी रविवारी बिर्याणी करायचो. म्हणजे नुसती करायचो नाही, तिचा सोहळा करायचो. शनिवारी रात्री मटण दह्यात मुरवायचं, रविवारी सकाळी किलोभर कांदा तळायला घ्यायचा, मग केशर, पुदिना, थर, कणकेने झाकण बंद करणं वगैरे वगैरे. दुपारी अडीचला जेवून तृप्त झालेले मित्र बायकोला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही नशीबवान हां!" मी आपला खाली मान घालून विनयाने हसायचो. तेव्हा ओट्यावर अकरा भांडी, दोन चाळण्या आणि एक जळका झारा असायचा. ते कोण घासायचं हे कृपया विचारू नका.

अशाच एका रविवारी सगळे गेल्यावर बायको सिंकपाशी उभी राहून अगदी शांतपणे म्हणाली, "अरे, तुला बिर्याणी येते. जेवण करता येत नाही तुला."

आधी राग आला. मग दोन दिवस ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मग (आमच्या धंद्यातल्या माणसाची खोड) मी मोजून पाहिलं. आठवड्याच्या सात रात्री. त्यातल्या माझ्या शून्य. रविवारी दुपारी मी बिर्याणी करायचो, त्याच रात्री खिचडी तीच टाकायची.

हे एवढ्यावरच राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. गेल्या वर्षी तिला ऑफिसात एक मोठी टीम सांभाळायची संधी आली. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ कॉल. आई तेव्हा ठाण्याहून आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. तिने अगदी सहज विचारलं, "मग रात्रीच्या जेवणाचं काय गं?" वाईट हेतूने अजिबात नाही. पण प्रश्न तिला विचारला, मला नाही. आणि मी तिथेच सोफ्यावर बसून मोबाईलमध्ये डोकं घालून होतो. मीही काही बोललो नाही. दोन दिवसांनी तिच्या लॅपटॉपवर नकाराच्या मेलचा अर्धवट मसुदा उघडा दिसला. कारण 'पर्सनल' लिहिलं होतं. ते पर्सनल कारण म्हणजे मी, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

"बुधवार माझा," मी म्हणालो. "शुक्रवारी बाहेरून मागवू. बुधवार माझा."

तिने ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही. :)

बुधवारच का, तर आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. मंगळवारी आई असली की तोही. म्हणजे मधल्या वारी मासळी खायची तर उरतो बुधवार. आणि कोळंबी का, तर तिला काटे नाहीत, त्यामुळे सहा वर्षांची मुलगी स्वतःच्या हाताने खाते, आणि ती दोन-तीन मिनिटांत शिजते. एवढा घाईतला प्राणी दुसरा नाही.

पहिल्या बुधवारी मी एक व्हिडिओ पाहून कामाला लागलो. एकच पॅन, पंधरा मिनिटं, कोळंबी आणि भाज्या, झालं जेवण! मी सगळं त्यात दाखवल्यासारखं एकत्र टाकलं: कोळंबी, फरसबी, गाजर, शिमला मिरची. पॅनमध्ये तळं साचलं. फरसबी कच्ची म्हणून आणखी शिजवलं. शेवटी फरसबी बरी झाली, पण कन्येने एक कोळंबी चावून विचारलं, "बाबा, हे खोडरबर आहे का?" बायको कॉलवर म्यूट करून हसली. त्या रात्री आम्ही ब्रेड-बटर खाल्लं.

आता माझं मत सांगतो, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. 'एका पॅनमध्ये' याचा अर्थ 'एकाच वेळी' असा होत नाही. निम्म्या पाककृती ही गल्लत करतात. फरसबीला सात-आठ मिनिटं लागतात, शिमला मिरचीला दोन-तीन, आणि कोळंबीला जेमतेम दोन-तीन. तिन्ही एकदम सुरू केलं तर तिन्ही एकदम होणार नाहीत, हे आमच्या ऑफिसातल्या फ्रेशरलाही कळतं. ज्याला वेळ लागतो ते आधी. आणि कोळंबी? ती सगळ्यांत आधी *आणि* सगळ्यांत शेवटी. कशी ते सांगतो.

पाव किलो सोललेली कोळंबी घ्या (दोन मोठे, एक लहान, एवढ्यांना पुरते). धुऊन कापडाने नीट टिपून कोरडी करा. ही पायरी कुणी गाळू नये. ओली कोळंबी पॅनमध्ये परतली जात नाही, आपल्याच पाण्यात उकडते. अर्धा चमचा हळद, चमचाभर लाल तिखट, मीठ. लिंबू आत्ता नाही, आंबटाने ती बसल्याबसल्याच आकसायला लागते. पॅन रुंद हवा, चांगला तापू द्या, दोन चमचे तेल, आणि कोळंबी एका थरात पसरा. मिनिटभर हात लावू नका. मग उलटा, अर्धं मिनिट, आणि सरळ काढून ठेवा. कुठे? ज्या ताटात जेवणार त्यातच. म्हणजे एक भांडं वाचलं. आत थोडी कच्ची राहिलेली असेल, ती राहू द्या.

आता त्याच तेलात सहा-सात ठेचलेल्या लसूणपाकळ्या, एक उभा चिरलेला कांदा. पॅनच्या तळाला मसाला चिकटलेला असतो तो कांद्याच्या पाण्याने सुटून येतो, आणि खरी चव तिथे आहे. मग फरसबी, पाण्याचा एक हबका, झाकण, सहा मिनिटं. मग शिमला मिरची आणि टोमॅटो, झाकण न ठेवता तीन मिनिटं. मग कोळंबी परत आत, एक मिनिट, गॅस बंद. लिंबू, कोथिंबीर. सोबत सकाळच्या पोळ्या किंवा पाव.

झाली की नाही हे घड्याळापेक्षा कोळंबीच सांगते. कच्ची असताना राखाडी, अर्धपारदर्शक. शिजली की गुलाबी-केशरी. तो रंग तिच्यात आधीपासून असतोच, अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य, तेच गाजराच्या भाऊबंदांतलं. पण ते एका प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे दिसत नाही. उष्णतेने प्रथिन उलगडलं की रंग सुटतो. आणि आकार बघा: सैलसर अर्धगोल झाली की काढायची, शेपूट डोक्याला टेकून पूर्ण गोल झाली की समजा खोडरबर तयार.

आता व्हिडिओतल्या त्या 'पंधरा मिनिटां'बद्दल. ते धादांत खोटं आहे असं म्हणत नाही. पण पंधरा मिनिटं कधीपासून मोजता? व्हिडिओत कोळंबी सोललेली असते, फरसबी शिरा काढून चिरलेली असते, वाट्या मांडलेल्या असतात. पहिल्या वेळी मला एक तास दहा मिनिटं लागली. आता पंचवीस लागतात, पण त्याचं कारण माझा हात सराईत झाला हे नाही. कारण असं, की रविवारी सकाळी मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जातो. डोक्यासकट अर्धा किलो कोळंबी आणली तर सोलून पाव किलोच्या आसपासच भरते, त्यामुळे किलोभर आणतो. घरी बसून सोलतो, पाठीतला काळा दोरा काढतो, पाव-पाव किलोचे दोन डबे फ्रीजरमध्ये. भाज्या मंगळवारी रात्री चिरतो. आणि बुधवारी सकाळी हिंजवडीला निघायच्या आधी एक डबा फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढतो.

हे शेवटचं काम सहा सेकंदांचं आहे. आणि सगळ्यांत अवघड तेच आहे. पहिल्या दोन महिन्यांत मी ते तीनदा विसरलो. (उपाय: हवाबंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवायची, पंधरा-वीस मिनिटांत सुटते. गरम पाण्यात नको, बाहेरून शिजते आणि आत बर्फ.) तिसऱ्यांदा विसरलो तेव्हा वैतागून बायकोला म्हणालो, "सकाळी आठवण करायची ना जरा!" ती म्हणाली, "तेच तर काम आहे रे."

च्यायला. खरं होतं. परतणं, ढवळणं हे स्वयंपाकातलं दिसणारं काम. कुठली भाजी उरली आहे, दूध कधी संपेल, उद्या डब्याला काय, कोथिंबीर आजच वापरली नाही तर सडेल, हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात चोवीस तास चालू असतं. आमच्याकडे सर्व्हरवर असे प्रोग्रॅम सतत चालू ठेवायला वेगळी मशीन देतात, वर त्यांचं मॉनिटरिंग करायला माणूस. बिर्याणीवाला मी त्यातलं काहीच करत नव्हतो. मी यादी द्यायचो, ती सामान आणायची.

म्हणून मित्रमंडळींत कुणी "मलाही स्वयंपाक येतो" म्हणालं की मी हल्ली एवढंच विचारतो: बुधवारी करतोस का? शनिवार-रविवारचं सोड. कार्बोनारा सोड, रिसोटो सोड. बुधवारी रात्री साडेआठला, ट्रॅफिकमधून येऊन, पाहुणे नसताना, कुणी फोटो काढणार नसताना. एक मित्र म्हणाला, "त्यापेक्षा मागवून टाकायचं ना, डोक्याला ताप नाही." मागवा की, आम्हीही शुक्रवारी मागवतोच. पण मागवलेलं यायला आमच्याकडे चाळीसेक मिनिटं लागतात, आणि काय मागवायचं यावर आधी वीस मिनिटं चर्चा. ताप तोच, फक्त तो कुणाच्या डोक्याला होतो ते बघा.

हे सगळं मी फुशारकीने आईला फोनवर सांगितलं. एका भांड्यात कशी कोळंबी-भाजी होते वगैरे. ती म्हणाली, "अरे, समोरच्या काकू भुजणं करायच्या ते काय होतं मग?" समोरच्या काकू पाठारे प्रभू. त्यांच्याकडे कोळंबीचं भुजणं म्हणजे कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, तिखट, कच्चं तेल आणि कोळंबी असं सगळं पातेल्यातच हाताने चुरायचं आणि झाकण घालून विस्तवावर ठेवायचं. बस. आणि आमच्याकडची कोळंबी-वांगी, कोळंबी-शेवगा, कोळंबी-बटाटा? तीही एकाच पातेल्यात. किनाऱ्यावरच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, त्याला कुणी खास नाव ठेवलं नाही इतकंच.

आता चाणाक्ष वाचक म्हणतील, भुजण्यात तर सगळं एकदम टाकतात, मग तुझा सिद्धांत कुठे गेला? मीही अडखळलो होतो. पण भुजण्यात ताटकळत ठेवणारी भाजीच नाही. कांदा बारीक, तोही हाताने चुरलेला, त्याचं पाणी लगेच सुटतं आणि कोळंबी त्या वाफेत शिजते. तिथे परतून रंग आणायचाच नाहीये. फरसबी टाकून बघा, काकू घरात घेणार नाहीत.

खरेदीबद्दल थोडं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा मी गोठवलेलं पाकीट घेतो. त्यात बहुतेक व्हॅनामेई असते. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, भारतात तिची शेती २००९ पासून परवानगीने सुरू झाली आणि आज आंध्रातली तळी तिनेच भरली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा या कोळंबीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चवीला ती आपल्या समुद्रातल्या कोळंबीपेक्षा सौम्य, हे आई पाहिल्या घासात ओळखते. एकदा पाकिटावरचा बर्फ वितळल्यावर वजन करून पाहिलं आणि जरा वाईट वाटलं. तेव्हापासून थोडं जास्तच घेतो.

आणि हो, बायकोने ती टीम घेतली. कॉल कधीकधी साडेनऊपर्यंत लांबतो, मग कोळंबी शेवटच्या मिनिटापूर्वी ताटातच थांबवून ठेवतो. लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला की पॅनमध्ये टाकतो. मुलगी प्रत्येकाच्या ताटातली कोळंबी मोजते, सारखी वाटली पाहिजे म्हणून. मागच्या बुधवारी बायको दोन घास खाऊन म्हणाली, "मीठ कमी आहे." बस, एवढंच. 'वा', 'छान', 'नशीबवान' वगैरे काही नाही. रोजच्या जेवणाला बोलतात तसं. मी उठून मीठ आणलं.

या बुधवारी फरसबीऐवजी शेवगा घालायचा विचार आहे. शेंगांना बारा-पंधरा मिनिटं तरी लागतील, म्हणजे कांद्याच्या आधी की नंतर, यावर आईशी बोलणं चालू आहे. ती म्हणते आधी वाफवून घे. म्हणजे दुसरं भांडं आलं. ते मी करणार नाही.