कागदावरचे सात

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात कबड्डीचे एक नवेच वेड शिरले होते. मैदानात चिखल, व्यायामशाळेला गळती, आणि परीक्षा अजून लांब. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मुंबईत 2008 साली निघालेल्या ड्रीम इलेव्हनसारख्या बड्या कंपनीलाही आपल्या पैशांच्या स्पर्धा तत्काळ गुंडाळाव्या लागल्या. मोबाइलवर संघ लावून पन्नास-शंभर रुपये घालवणारी आमच्याकडची दोन-तीन मुले त्यामुळे एकदम बेकार झाली. त्यांच्यापैकीच एकाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. प्रो कबड्डीतील आजवरचे खेळाडू घ्यायचे, प्रत्येकाच्या उत्तम मोसमाची सरासरी चिठ्ठीवर लिहायची, आठ जणांनी लिलाव करून आपापले सात निवडायचे आणि रात्री ल्युडोचा फासा टाकून सामने लावायचे. सरासरीत फाशाचे दान मिळवायचे, की झाला निकाल. पैशाचा संबंध नाही. हरणाऱ्याने चहा पाजायचा, एवढाच दंड.

हसू नका. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने मित्रांना जमवून बेसबॉलची अशीच एक कागदी लीग काढली आणि ज्या खाणावळीत ते जेवायला जमत, तिचेच नाव लीगला दिले. आज जगभर चालणाऱ्या अशा खेळांचा मोठा पसारा त्या जेवणाच्या टेबलावरून वाढला आहे. आमची लीग पहिल्या मजल्यावरच्या खोलीत सुरू झाली आणि तिथेच राहिली.

हिशेबाची वही माझ्याकडे होती. अक्षर बरे असल्याचा हा तोटा. त्या वहीमुळे मला वाटू लागले की कबड्डीतले मला फार कळते. या लेखाचे कारणही तेच.

प्रत्येक जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू कोण, यावर रात्री दोन-दोनपर्यंत वाद चालत. डाव्या कोपऱ्याला इराणचा फझल अत्राचली, यावर जवळजवळ एकमत. प्रो कबड्डीत पकडीचे 500 गुण गाठणारा तो पहिला खेळाडू. उजव्या कोपऱ्याला मनजीत छिल्लर की मोहित छिल्लर, यावरून दोन खोल्यांचे बोलणे बंद झाले. चढाईला मात्र सगळ्यांना एकच मोह. 2017 च्या मोसमात 369 गुण मिळवणारा प्रदीप नरवाल, 2019 मध्ये 346 मिळवणारा पवन सेहरावत आणि त्याच वर्षी तीनशेचा टप्पा ओलांडणारा नवीन कुमार, असे तिघे ज्याला मिळतील त्याची लीग, असा हिशेब होता. एक गडी मात्र शेवटपर्यंत हटून बसला की नाशिकचा आकाश शिंदे घेतल्याशिवाय मी खेळणारच नाही. मार्च 2024 मध्ये पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्या संघात होता. गाववाल्याचा अभिमान सरासरीत बसत नाही, पण आम्ही तो मान्य केला.

ते तीन चढाईबहाद्दर शेवटी माझ्याच वाट्याला आले. प्रदीपची सरासरी सामन्याला 14 च्या आसपास, पवनची तितकीच, नवीनची 13. बेरीज 41. फासा पडायच्या आतच मी जिंकलेला असे. आठवडाभर फुकटचा चहा प्यायल्यावर एका शांत मुलाने मला विचारले, “एका सामन्यात चढाया किती होतात रे?” सामना चाळीस मिनिटांचा, चढाई तीस सेकंदांची, आणि दोन्ही संघांनी आळीपाळीने जायचे. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया. माझ्या तिघांनी 41 गुण आणायचे, तर प्रत्येक चढाईला निदान एक गुण हवा. एकही चढाई रिकामी जायला नको आणि कोणाची पकडही व्हायला नको. असा संघ पृथ्वीवर उभा राहणे शक्य नाही. तिघांच्या सरासऱ्या तीन वेगवेगळ्या संघांतल्या होत्या, आणि तिथे बहुतेक चढाया त्या एकेकाच्याच होत्या. चढाईला एका वेळी एकच जण जातो, ही पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्या वहीला ठाऊक नव्हती.

गुणांची आणखी एक गंमत आहे. चढाई करणारा गडी टिपून आला की एक गुण, आणि बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून आला तरी एक गुण. वहीत दोन्ही सारखेच दिसतात. पण गडी टिपला की समोरचा एक बाहेर जातो आणि आपला बाद झालेला एक आत येतो. बोनसने ना कोणी बाहेर जातो, ना कोणी आत येतो. आपले चार गडी बाहेर बसलेले असताना या दोन गुणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कबड्डीची खरी संपत्ती मैदानात उभी असलेली माणसे. त्यांची नोंद गुणफलकावर नसते.

पण याहून मोठी अडचण पकडीची आहे, आणि ती मला वसतिगृहात कळली नाही. ती आमच्या गावच्या मैदानात कळली.

आमचे गाव निफाड तालुक्यात. शिवजयंतीला गावात साठ किलो वजनी गटाचे सामने होतात. द्राक्षांच्या काढणीचे दिवस असतात, तरी रात्री दिव्यांच्या उजेडात माणूस लोटतो. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी यंदा संघ निवडायचे काम माझ्यावर टाकले, कारण “हा कॉलेजात कबड्डीचा हिशेब ठेवतो” अशी माझी ख्याती गावापर्यंत पोचली होती. मी मोठ्या गंभीरपणे आधीच्या सात सराव सामन्यांचे आकडे मांडले. डाव्या कोपऱ्याच्या नावावर पंधरा पकडी. डाव्या कव्हरच्या नावावर फक्त तीन. हा कव्हर माझा शाळेपासूनचा मित्र, आता द्राक्षांच्या पॅकिंगच्या कामावर जातो. मैत्री आड येऊ द्यायची नाही, असा मी निश्चय केला आणि त्याला बसवून ज्याच्या नावावर सात पकडी होत्या त्या शेजारच्या वाडीतल्या मुलाला घेतले. माझ्या निःपक्षपातीपणाचे मला तेव्हा फारच कौतुक वाटले होते.

मित्र रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “डाव्या कोपऱ्याने पाय धरला की मागून कोण येणार, ते ठरवलंय का?”

मी ठरवले नव्हते. ठरवायचे असते हेच मला माहीत नव्हते. कोपऱ्याने घोटा पकडला तरी चढाई करणारा थांबत नाही. तो पुढे कोसळतो, हात लांबवतो आणि मध्यरेषेला बोट लावून मोकळा होतो. ते बोट पोचू नये म्हणून कव्हर आडवा जाऊन छातीने किंवा खांद्याने त्याला मागे रेटतो. पकड लिहिली जाते कोपऱ्याच्या नावावर, कारण हात पहिल्यांदा त्याने घातलेला असतो. त्याआधी चढाई करणाऱ्याला मधली वाट बंद करून कोपऱ्याकडे ढकलण्याचे कामही हाच कव्हर करत असतो. त्याचे तर कोणी काहीच लिहीत नाही.

आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. नवा कव्हर चांगलाच होता, पण त्याला स्वतः झेप घ्यायची सवय. तो कोपऱ्याची वाट न पाहता आधीच पुढे जाई आणि बाद होई. मग एकटा पडलेला कोपरा पाय धरी आणि फरपटत मध्यरेषेपर्यंत जाई. पंधरा पकडींच्या त्या गड्याला दोन सामन्यांत मिळून दोन पकडी मिळाल्या. लोण दोनदा चढले. म्हणजे वहीतल्या त्या पंधरापैकी किती त्याच्या आणि किती माझ्या मित्राच्या होत्या, ते आता कोणी सांगावे?

हार मोठी नव्हती. गावच्या हारी पुढच्या शिवजयंतीपर्यंत टिकतात, त्यापलीकडे नाही. पण अशा सामन्यांना जिल्ह्याच्या संघासाठी मुले हेरणारी मंडळी येऊन बसतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आमच्याकडची कितीतरी मुले त्याच आशेवर पहाटे उठून पळतात. जिल्हा, मग राज्य, मग प्रमाणपत्र, अशी ती शिडी. माझ्या मित्राला त्या रात्री कोणी पाहिलेच नाही, कारण तो दोरीच्या बाहेर पाणी द्यायला उभा होता. पाहिले असते तर त्याची निवड झालीच असती, असे मी म्हणणार नाही. पण दोरीबाहेर त्याला मी उभे केले होते.

तुम्ही म्हणाल, मग आकडे टाकून द्यावेत आणि डोळ्यांनी पाहून निवड करावी. मला ते पटत नाही. डोळ्यांनी पाहून निवडणारेही शेवटी झेप पाहतात, उडी पाहतात, आणि कधी कधी आडनाव पाहतात. वहीत निदान आडनावाला गुण नसतात. माझी तक्रार आकड्यांविरुद्ध नसून अपुऱ्या आकड्यांविरुद्ध आहे.

बास्केटबॉलवाल्यांनी या बाबतीत डोके चालवले आहे. त्यांच्याकडे पाच जागा आणि एकच चेंडू, म्हणजे दुखणे आपलेच. पण ज्याच्या पासवर टोपली झाली त्याची तिथे वेगळी नोंद होते. शिवाय एखादा खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला, तेही मांडतात. ह्यूस्टनच्या संघातल्या शेन बॅटिएवर मायकेल लुईस यांनी 2009 साली एक गाजलेला लेख लिहिला. बॅटिएचे स्वतःचे आकडे अगदी साधारण, पण तो उतरला की संघ सुधारायचा. लोकांना ते कोडे वाटे. आमच्या गावातल्या डाव्या कोपऱ्याला ते मुळीच वाटले नसते.

आणि कबड्डीत तर हा हिशेब अधिक सोपा आहे. इथे प्रत्येक गडी एकाच सामन्यात अनेकदा बाहेर जातो आणि आत येतो. तो असताना काय झाले आणि नसताना काय झाले, हे खेळ स्वतःच उलगडून दाखवतो. एक माणूस वही घेऊन बसला की पुरे.

कागदावरच्या सर्वोत्तम सातांबद्दलचे माझे मत मी त्यानंतर बदलले आहे. जागेनुसार एकेक खेळाडू निवडू नये, जोड्या निवडाव्यात. सुरेंदर नाडा डावीकडे आणि मोहित छिल्लर उजवीकडे, मध्ये जीवा कुमार आणि आपला मुंबईकर विशाल माने. 2015 चे विजेतेपद यू मुंबाने याच मंडळींच्या बळावर मिळवले. एकेकट्याने तोलले तर फझल नाडापेक्षा भारी, हे मी आजही मान्य करतो. तरीही मी नाडा आणि मोहित ही जोडीच घेईन आणि कर्णधार म्हणून अनुप कुमार. खोलीतल्या मित्रांना हे मुळीच मान्य नाही. फाशाला जोडी कळत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. या संघासह मी लागोपाठ चार सामने हरलो असून सध्या चहाचा खर्च माझ्याकडे आहे.

गावच्या वहीत मात्र मी दोन रकाने नवे आखले आहेत: ‘आत असताना’ आणि ‘बाहेर असताना’. मित्राला ते दाखवले. त्याने वही उलटसुलट करून पाहिली, आणि पॅकिंगचे काम संपले की एप्रिलपासून सरावाला येतो म्हणाला.