भाच्याची करवत

यंत्रांशी माझा संबंध वर्गातल्या पंख्याच्या बटणापलीकडे कधी गेला नाही. असे असताना गेल्या महिन्यात माझा भाचा श्रीवर्धनहून एस.टी.ने पुण्यात उतरला आणि चहा पिता पिता म्हणाला, "मामा, चल, करवत घ्यायची आहे." पाठोपाठ ताईचा फोन. "तो माझं ऐकायचा नाही. तू नुसता बरोबर उभा राहा."

करवत म्हणजे पेट्रोलवर चालणारी, पात्याभोवती दातेरी साखळी फिरते ती. तिला चेनसॉ म्हणतात. कोकणात नुसते 'कटर' म्हटले तरी भागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले, तेव्हा ताईच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि दारचा आंबा पडवीवर आला. भाचा तीन दिवस कुऱ्हाडीने त्याच्याशी झगडला. चौथ्या दिवशी एक कटरवाला आला आणि त्याने तासाभरात वाट मोकळी केली. तेव्हापासून याच्या डोक्यात ते भरले होते. यंदा मुंबईची नोकरी सोडून तो हाच धंदा करायला निघाला.

दुकानात शिरताच त्याने सर्वांत मोठ्या यंत्रावर बोट ठेवले. अठ्ठावन्न सी.सी., बावीस इंची पाते, आणि किंमतही बेताची! शेजारी पन्नास सी.सी.चे, सोळा इंची पात्याचे यंत्र होते. त्याची किंमत मात्र कित्येक पटींनी जास्त.

"लहान वस्तूला जास्त पैसे?" हा प्रश्न माझाच. प्राध्यापकाला हिशेब एवढाच कळतो.

दुकानातले वयस्क गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी मोठे यंत्र भाच्याच्या हाती दिले आणि म्हणाले, "हे असंच धरून उभे राहा. मी पावती पुस्तक शोधतो." ते पुस्तक काही लवकर सापडले नाही. भाच्याचे दंड थरथरू लागले.

मग ते म्हणाले, "धंद्याचं यंत्र म्हणजे दिवसभर चालणारं. याचं कवच मॅग्नेशियमचं, म्हणून हलकं नि टिकाऊ. हादरे हातापर्यंत कमी येतात. सुटे भाग मिळतात. आणि सोळा इंची पातं दोन्ही बाजूंनी चालवलं की बराच जाड ओंडका कापतं." पात्याच्या टोकाचा वरचा भाग चुकून लाकडाला टेकला, तर सबंध करवत क्षणात उसळून तोंडाकडे येते, हेही त्यांनी हाताने करून दाखवले. तेव्हा साखळी थांबवतो तो पुढच्या दांड्याजवळचा ब्रेक. पाते लांब, तितके ते टोक नजरेआड. माझ्या पोटात गोळा आला.

भाचा वरमला, पण पुरता नव्हे. लहान यंत्र, गोल कानस (माडाच्या खोडाने दाते फार लवकर बोथट होतात म्हणे), साखळीचे तेल, सगळे कबूल. शिरस्त्राण, कानावरचे झाकणही कबूल. अडले ते विजारीवर. या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी मांडीला लागली तर ते धागे तिच्या चाकात गुंतून ती जागच्या जागी थांबते.

"मामा, या पैशात दुसरी साखळी येईल!"

"साखळी पुन्हा मिळेल," एवढेच म्हणून मी पाकीट काढले. त्या महिन्याची पुस्तकखरेदी अशी झाली.

पहिले काही महिने उभ्या झाडाला हात लावायचा नाही, जाणत्या माणसाच्या नजरेखाली आडवे ओंडकेच कापायचे, ही त्या गृहस्थांची अट. वादळात पडलेल्या, ताणाने वाकलेल्या खोडापासून तर दूरच राहायचे. ते कापताना कुठे उसळेल याचा नेम नसतो. आणि भाच्याला हौस नेमकी त्याचीच!

परवा ताईला फोन केला.

"ओंडकेच कापतोय," ती म्हणाली. "पण या ऑक्टोबरच्या उकाड्यात ती विजार बघवत नाही रे. नुसता घाम निथळतो."

"घालतो ना पण?"

"घालतो."