दिल्लीची चर्चा आणि गावची सभा

आमच्या उंद्रीच्या चहाच्या टपरीवर दिल्लीचे मंत्रिमंडळ रोज पडते आणि रोज नव्याने बनते! २०१६ साली विलायतेने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, त्यावरही मत देणारे भेटतात. त्यात गैर काहीच नाही. खेद एवढाच, की दारापुढची नाली तुंबली तर हीच मंडळी नुसती कुरकुरतात.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आपल्याला ग्रामसभा दिली. १९९३ पासून तिला राज्यघटनेतही स्थान मिळाले. सभेच्या गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी कमी असेल तो आकडा पुरतो. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते! मग दहा-वीस जण साऱ्या गावाचा निर्णय घेतात, तोही कायदेशीर. दोष त्यांना कसा द्यावा?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईवडील म्हणतात, सभेत शिकलेल्यांनी बोलावे. पण ग्रामसभेला पदवी लागत नाही, मतदारयादीत नाव लागते. ते त्यांचे माझ्या कितीतरी आधीपासून आहे. येत्या सभेला आम्ही तिघेही जाणार. आपणही आपल्या गावी जावे.