शब्दांची पेटी, पण किल्ली कोणाकडे?

मराठी घरांतून इंग्रजी-मराठी शब्दकोशाची एक तरी जाडजूड प्रत हमखास सापडते. मुलांच्या शाळेच्या दिवसांत आणलेली, पुठ्ठा निखळलेली, कुठल्यातरी पानावर शाई सांडलेली. शब्द अडला की ती उघडायची आणि अर्थ सापडला की मिटून ठेवायची. हल्ली तेवढेही कष्ट नाहीत. मोबाइलवर बोट टेकवले की अर्थ हजर. त्यामुळे कोश आता संगणकच तयार करतो, माणसाने फक्त बटण दाबायचे, असा समज रूढ होऊ लागला आहे. हा समज कितपत खरा, हे पाहण्याजोगे आहे.

मराठीचे भाग्य असे की, तिला फार लवकर एक मोठा द्वैभाषिक कोश मिळाला. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६० हजारांच्या घरात गेले. हे सारे काम हाताने झाले. आज त्याच कामासाठी खास सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. बायबलच्या भाषांतरांच्या कामातून वाढलेल्या एसआयएल या संस्थेने १९८० च्या दशकात ‘शूबॉक्स’ तयार केले. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या साठवण्याची अभ्यासकांची जुनी सवय त्या नावात उतरली आहे. पुढे त्याच संस्थेचे ‘टूलबॉक्स’ आणि ‘फील्डवर्क्स’ आले. दक्षिण आफ्रिकेत ‘टीलेक्स’ घडले, तर चेक प्रजासत्ताकातून ‘लेक्सोनॉमी’ आले. काही फुकट मिळतात, काहींना पैसे मोजावे लागतात.

निवड करायची कशी? जाहिरातींतील सोयींची यादी वाचून ती करता येत नाही. त्यासाठी एखादी खरी भाषा समोर ठेवावी लागते. आपल्याच मेळघाटातील कोरकू घ्या. मराठीशी शेजार असला, तरी कोरकू तिची बहीण नव्हे. तिचे नाते पूर्वेकडील मुंडारी आणि संथाळी या भाषांशी आहे. मेळघाटातील शिक्षकाला, आरोग्य केंद्रातील परिचारिकेला कोरकू-मराठी कोश ही चैनीची वस्तू नाही. पोर कधीपासून आजारी आहे, दूध पिते की नाही, हे आईने तिच्या भाषेत सांगितलेले कळले पाहिजे.

खाने कोणी आखायची?

पहिली कसोटी इथेच लागते. मराठीत एकवचन आणि अनेकवचन अशी दोनच वचने आहेत. कोरकूत द्विवचनही आहे. खुद्द ‘कोरकू’ हा शब्दच अनेकवचनी आहे: ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ज्या सॉफ्टवेअरमध्ये वचनाची दोनच खाने आधीपासून ठोकून बसवलेली असतील, त्यात ही भाषा मावणार नाही. नवे खाने पाडण्याची मुभा आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या बाजूला कोणती भाषा ठेवायची, हेही तितकेच महत्त्वाचे. मराठीत आपण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत फरक करतो. ऐकणाऱ्याला सोबत घेतले की वगळले, हे त्यातून कळते. कोरकूतही असा फरक आहे. इंग्रजीत मात्र दोहोंना ‘वुई’ हा एकच शब्द पुरतो. म्हणजे अर्थ इंग्रजीतून दिला की फरक पुसला गेला. मराठीतून दिला तर तो टिकतो. हे कुठलेही यंत्र आपणहून सांगत नाही.

‘ळ’ कुठे गेला?

दुसरी कसोटी वर्णक्रमाची. शाळेत आपण ‘ळ’ हा ‘ह’नंतर शिकलो. संगणकाच्या युनिकोड संकेतात मात्र तो ‘ल’च्या पाठोपाठ बसवला आहे. क्रम आपल्या रीतीने लावण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर मराठी वाचक ‘ळ’चे शब्द ‘ह’नंतर शोधत बसेल आणि ते ‘व’च्या आधीच जाऊन बसलेले असतील. ‘क्ष’ला तर स्वतंत्र संकेत नाहीच, तो ‘क’च्या पोटात जातो. शब्द असूनही सापडत नसेल, तर तो कोशात नसल्यासारखाच.

तिसरी कसोटी उलट्या कोशाची. कोरकू-मराठी कोश भरला की एका आज्ञेसरशी मराठी-कोरकू कोश तयार, असे आश्वासन दिले जाते. आपल्या ‘उष्टे’ या शब्दावर हा दावा तपासून पाहा. इंग्रजीत त्याला नेमका शब्द नाही, म्हणून कोशकार ‘कोणाचे तोंड लागलेले अन्न’ अशी फोड करून देतो. यंत्राने बाजू उलटल्या की ती अख्खी फोडच शब्द म्हणून मांडली जाते. ती शोधायला कोण जाणार? मोल्सवर्थने हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पुरा केला, तो १८४७ साली. पहिल्या कोशानंतर १६ वर्षांनी. उलटा कोश हे वेगळेच काम आहे. यंत्राने त्याची कच्ची यादी जरूर द्यावी, पण ती छापायला पाठवू नये.

बाहेर पडायचे दार

शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि तीच बहुधा विसरली जाते. पेटीत घातलेले शब्द उद्या बाहेर काढता येतील का? नव्वदच्या दशकात मराठीत टंकलिखित झालेला पुष्कळ मजकूर त्या त्या कंपनीच्या फाँटमध्ये होता. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट गेला की पडद्यावर रोमन अक्षरांचा खिचडा उरतो. वर्षानुवर्षे जमवलेले शब्द असे गेले, तर सांगणारी म्हातारी माणसे पुन्हा कुठून आणायची?

याउलट शूबॉक्समधील नोंदी साध्या मजकुराच्या असत. प्रत्येक ओळीच्या आरंभी छोटी खूण. मूळ सॉफ्टवेअर मागे पडले, तरी त्या वाचता येतात. म्हणून सॉफ्टवेअर फुकट की विकत, याआधी विचारावे, की नोंदी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात का? आणि उत्तर ऐकून न थांबता, दहा-वीस शब्द घालून, बाहेर काढून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावेत. लग्न ठरवताना आपण जेवढी चौकशी करतो, तिच्या निम्मी इथे केली तरी पुरे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थही लिहून देईल, असे म्हणतात. मराठीचा विपुल मजकूर उपलब्ध आहे. तिथे तिचा उपयोगही होईल. पण कोरकूसारख्या भाषेचा छापील मजकूरच थोडा. जे यंत्राने वाचलेले नाही, त्याचा अर्थ ते अंदाजाने आणि तितक्याच ठामपणे सांगेल. अशा कोशावर विसंबून परिचारिकेने औषध कसे द्यायचे?

तेव्हा सॉफ्टवेअर घ्यावेच. ते चिठ्ठ्या हरवू देत नाही, क्रम लावते, वर्षांचे काम महिन्यांवर आणते. पण शब्दाचा अर्थ विचारायला कोणीतरी पाड्यावर जाऊन आजीपाशी बसायलाच हवे. आणि तिने सांगितलेला शब्द ज्या पेटीत ठेवायचा, तिची किल्ली तिच्या नातवंडांच्या हाती राहील, एवढे आपण पाहायला हवे.