आगीचा विमा आणि पुराचे पाणी

2024 साली जल आणि अग्नी या दोन्ही महाभूतांचा कोप बडोदेकरांना सोसावा लागला. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीने 35 फुटांची पातळी ओलांडली आणि शहरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर 11 नोव्हेंबरला शहरालगतच्या कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात बेंझिनच्या टाकीला आग लागून दोन कामगार प्राणास मुकले. कोयलीच्या गृहस्थाला आगीची धास्ती कोणी शिकवावी लागत नाही. पाण्याची मात्र पूर ओसरताच विस्मृती होते, आणि हा दोष एकट्या कोयलीचा नव्हे.

घराचा विमा म्हणजे आगीचा विमा, अशी आपली जुनी समजूत आहे. अमेरिकेत नेहमीच्या गृहविम्यात पूर खरोखरच येत नाही. त्यासाठी तेथील सरकारने 1968 साली निराळी योजना काढली, आणि तिचे संरक्षणही सामान्यतः 30 दिवसांनी सुरू होते. आपल्या देशात स्थिती बरी आहे. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली असून तीत आग, भूकंप व वादळ यांच्या जोडीला पूरही समाविष्ट आहे.

मग चिंता कसली? चिंता अशी की, गृहकर्जाबरोबर उतरविलेला विमा घराचाच असतो असे नाही. कित्येकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. पूर आला तर अशा कागदाचा उपयोग काय? विमा घराचा असला तरी सामानाचे काय, हाही प्रश्न उरतोच. प्रमाणित पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, परंतु 10 लाख रुपयांपर्यंतच, सामानाला संरक्षण मिळते. अधिक हवे असल्यास तसे नमूद करावे लागते. दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते आणि दारातील गाडीचा विमा तर सर्वस्वी निराळा. भाडेकरूलाही केवळ सामानाचा विमा उतरविता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्याने आणि शेजारच्या कोल्हापूरने जो महापूर पाहिला, त्यानंतर हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. सरकारी मदत संसाराला तात्पुरता आधार देते. पडलेली भिंत पुन्हा उभी करण्यास ती क्वचितच पुरते. म्हणून वाचकहो, कपाटातील पॉलिसी आजच बाहेर काढा आणि तीत ‘पूर’ हा शब्द शोधा. तो सापडला नाही, तर पावसाळ्याची वाट पाहू नका. नदी पात्राबाहेर पडल्यावर विमा शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेच होय!