लेहरा धरणारा

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला भाचीचा फोन. आवाज रडवेला. "मामा, मला ग्रुपमधून काढलं." का, तर गेममधली लढाई संपल्यावर कुणी किती मार दिला ते मोजणाऱ्या मीटरवर तिचं डॅमेज सगळ्यात कमी होतं. एकानं तेवढंच पाहिलं, बाकीच्यांनी मान डोलावली आणि तिला बाहेर काढलं. ती बार्ड खेळते. तिला बार्ड घ्यायला लावला मी. त्यामुळे हा अख्खा आठवडा माझं डोकं तापलेलं आहे.

शनिवारी रात्री मी कुठे असतो हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'एव्हरक्वेस्ट' हा गेम 16 मार्च 1999 ला आला आणि अजून चालू आहे. सुरुवातीला 14 क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते, ग्रुप सहा जणांचा. वॉरियर मार अंगावर घेतो, क्लेरिक जखमा भरतो, विझार्ड लांबून जाळतो. बार्डाला तलवार येते, माग काढता येतो, थोडीफार जादूही येते. पण त्याचं खरं काम गाण्याचं. त्याच्या गाण्यानं इतरांचा माना, म्हणजे जादूसाठी लागणारी शक्ती, लवकर भरतो, हात भरभर चालतात, चालून आलेला जादा राक्षस जागच्या जागी झोपतो.

मी हे न्यू जर्सीत नोकरीला असताना शिकलो, 2001 साली. गाणं लागायला तीन सेकंद लागतात. थांबवलं तरी असर थोडा वेळ रेंगाळतो. तेवढ्यात दुसरं लावायचं, मग तिसरं, आणि पहिल्याचा असर विरायच्या आत परत पहिल्यावर यायचं. आम्ही याला ट्विस्टिंग म्हणायचो. एक दाबा, मनात मोजा, थांबवा, दोन दाबा. असं तीन-तीन तास. पुढे हे आपोआप करणारी कमांड आली, तोवर माझ्या कीबोर्डवरचे 1, 2, 3 हे आकडे साफ पुसले गेले होते.

एका रात्री दाराची बेल वाजली आणि मी उठलो. मिनिटभरच. परत येऊन बघतो तर झोपवलेले दोन राक्षस जागे झालेले, क्लेरिक पडलेला, पाठोपाठ सगळेच पडलेले. मोठ्यानं रागावलं कुणी नाही. वॉरियरनं फक्त विचारलं, "गाणं का थांबलं?" तोवर महिनाभरात त्यानं माझ्या गाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

यावरून मिरजेचे माझे काका आठवले. काका हार्मोनियमवर लेहरा धरायचे. तबल्याचं एकलवादन असलं की तीनतालाच्या सोळा मात्रांची तीच एक ओळ, तासभर, न हलता. तबलजी कायदा वाजवणार, रेला वाजवणार, लय वाढवत नेणार, मात्रांशी झुंजणार आणि सगळा भार त्या एका ओळीवर टाकून समेवर येणार. लेहरा जरा ढिला पडला तर तो येणार कुठे? मी लहानपणी काकांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा हात बघायचो. बोटं चालत, पण नजर कायम तबलजीच्या चेहऱ्यावर. तो कधी दमणार, कधी लय चढवणार, हे त्यांना त्याच्या आधी कळायचं. टाळ्या तबल्याला पडायच्या, आणि काका त्या टाळ्यांत स्वतः सामील व्हायचे, अगदी मनापासून. घरी येताना म्हणायचे, "आज काय वाजवलंन त्यानं!" स्वतःच्या वाजवण्याबद्दल बोललेले मला आठवत नाहीत.

भाचीला मी काकांची ही गोष्ट फोनवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण काकांना कुणी मैफिलीतून उठवलं नाही ना?" नाही. तेवढं कळणारी माणसं तिथं बसलेली असायची.

बार्ड सोडू नकोस, असं मी तिला बजावलं आहे. आणि ग्रुप जमवणाऱ्यांना एक विनंती. मीटर बघायचाच असेल तर बार्ड सोबत असताना तुमचा स्वतःचा आकडा बघा, मग त्याला काढून पुन्हा बघा.